पायाचा टक्का

घणसोली गावात माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. ग्रिल, लोखंडी जिने, शटर, पोटमाळ्यांचे सांगाडे ही माझी कामं. गावठाणातल्या गल्ल्या अरुंद. माल खांद्यावरून न्यायचा आणि वेल्डिंग करायचं ते उकिडवं बसून, नाहीतर शिडीवर उभं राहून. हे आधीच सांगतो, कारण माझा भरपाईचा दावा शेवटी या उकिडवं बसण्यावर येऊन ठेपला.

2022 च्या जुलैमध्ये ठाणे-बेलापूर रोडवर घणसोली नाक्याच्या अलीकडे एक टेम्पो इंडिकेटर न देता डावीकडे वळला आणि मी मोटारसायकलसकट त्याच्यावर आदळलो. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, गुडघाही दुखावला. टेम्पोवाला थांबला नाही. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्या दादानं मला उचलून रुग्णालयात नेलं. टेम्पोचा नंबर त्यानं तिथल्या तिथे मोबाइलमध्ये टिपला होता.

त्या नंबरचं मोल मला नंतर कळलं. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून 50 हजार रुपये मिळतात, माणूस गेला तर घरच्यांना 2 लाख. नंबर मिळाला की मालक आणि त्याची विमा कंपनी दाव्यात येते आणि खऱ्या नुकसानीचा हिशेब मांडता येतो. मदत करणाऱ्यावर नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांतच लिहिलं आहे. तरी तो दादा स्वतःहून साक्षीला आला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

रुग्णालयातल्या खाटेपाशी एक अनोळखी माणूस वकीलपत्र घेऊन आला होता. मिळेल त्यातला ठरावीक हिस्सा आमचा, म्हणाला. वकिलानं निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घेणं बार काउन्सिलच्या नियमांत बसत नाही. बायकोनं त्याला तिथूनच परत पाठवलं. आमचे काका वेगळंच म्हणत होते, “कोर्टान जाऊन कोनाला काय मिलतंय?” त्यांच्या तोंडून अख्खं गाव बोलत होतं. भरपाई मागणं म्हणजे भीक मागणं, असं अजूनही पुष्कळांना वाटतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तिसऱ्या पक्षाचा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे तो याचसाठी.

ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आम्ही अर्ज केला. पहिलं भांडण कमाईचं. माझ्याकडे पगाराची स्लिप कुठून असणार? असा पुरावा नसला की किमान वेतनाच्या आधारे अंदाजी उत्पन्न धरतात आणि कारागिराचं हातातलं कसब हिशेबातून निसटतं. पण बायको पहिल्यापासून वही ठेवते. कोणाचं ग्रिल, किती फूट, आगाऊ किती, बाकी किती, सगळं तारखेनिशी. ती वही, बिलबुकं आणि बँकेचं पासबुक जुळवून दाखवल्यावर समोरच्या वकिलांना फार बोलता आलं नाही.

दुसरं भांडण टक्क्याचं. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात उजव्या पायाचं अपंगत्व 40 टक्के होतं. विमा कंपनीचे वकील म्हणाले, हे एका पायाचं, पूर्ण शरीराचं धरलं तर निम्मंही नाही, शिवाय दुकान चालूच आहे. दुकान चालू होतं ते मेहुणा आणि एक कामगार चालवत होते म्हणून. त्यांची मजुरी माझ्याच मिळकतीतून जात होती.

आमच्या वकीलबाईंनी तेव्हा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2010 चा निकाल पुढे ठेवला. शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एकच नव्हे, असं तो निकाल सांगतो. त्यात उदाहरण आहे: डावा हात गेला, तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे जखमी माणूस रोज काय काम करत होता, ते आधी पाहायचं.

“तुम्ही आता कोणतं काम करू शकत नाही, तेवढंच सांगा,” बाईंनी मला साक्षीत विचारलं. मी सांगितलं. उकिडवं बसता येत नाही. शिडीवर तोल राहत नाही. वजन घेऊन जिना चढता येत नाही. माप घेता येतं, भाव सांगता येतो. उपचार करणारे डॉक्टर साक्षीला आले आणि गुडघा किती वाकतो ते त्यांनी अंशांत सांगितलं.

टक्क्यानं किती फरक पडतो पाहा. समजा, महिन्याची कमाई 20 हजार आणि वय 34. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीचे 40 टक्के धरतात, म्हणजे 28 हजार. या वयाला गुणक 16. वर्षाचे 3 लाख 36 हजार गुणिले 16, म्हणजे 53 लाख 76 हजार. कमाईतली घट 15 टक्के धरली तर 8 लाख 6 हजार 400, 30 टक्के धरली तर बरोबर दुप्पट. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेले महिने वेगळे.

न्यायाधिकरणानं माझी घट 30 टक्के धरली. रक्कम अर्जाच्या तारखेपासून व्याजासह आली, काही भाग मुदत ठेवीत ठेवायला लावला. मला तो निकाल योग्य वाटतो.

एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद चालला आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे वकील फुकट मिळतो. आणि घरातला जखमी माणूस अपघाताआधी हातापायांनी काय काय करायचा, ते आजच बसून कागदावर लिहून काढा.