सारचूची रात्र आणि या खेपेचा बेत

आमच्या घरी सध्या रात्रीचे दस्तरखान आवरले की त्याच जागी नकाशा पसरला जातो. येत्या मे अखेरीस, इन्शाअल्लाह, जालन्याहून लडाखला निघायचे आहे, आणि तेही गाडीतच झोपत, गाडीतच रांधत. भाईजानने एक जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली आहे. मागची आसने काढून तिथे झोपायला दोन फळ्या, पाण्याची टाकी आणि छोटा ओटा बसवायचा. परदेशात अशा गाड्यांचे मोठे प्रस्थ आहे. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण घरची गाडी अशी बदलायची तर आधी आरटीओची मंजुरी लागते. ती न घेता सुतार बोलावणारे पुष्कळ असतात. आम्हीही बोलावलाच होता, विम्याच्या एजंटाने वेळेवर थांबवले.

गाडीचे जमेल. रोज रात्री अडते ते एकाच प्रश्नावर: अम्मीला न्यायचे का? अम्मी ६४ वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. आणि मागच्या वेळचे कुणी विसरलेले नाही.

तीन वर्षांपूर्वी एका सहलवाल्याच्या भरवशावर आम्ही मनालीकडून लेहला निघालो होतो. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर. पहिलाच मुक्काम सारचूच्या तंबूत, सुमारे ४,२९० मीटरवर. जालना पाचशे मीटरच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. संध्याकाळी अब्बांनी जेवण परतवले. "प्रवासाने भूक मेली," म्हणाले. आम्ही हसलो, फोटो काढत राहिलो. रात्री दोनच्या सुमारास अम्मीने उठवले तेव्हा अब्बा बसल्या जागी धापा टाकत होते, खोकला थांबत नव्हता.

ड्रायव्हर जाणता होता. "यांना खाली न्यायला हवे," म्हणाला. पण सारचूची गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, तिथून खाली उतरायला आधी वर चढावे लागते. मागे बारालाचा ला, ४,८५० मीटरच्या पुढे. पुढे लेहच्या बाजूला लाचुंग ला त्याहूनही उंच. मध्ये माणूस कोंडल्यासारखा. तंबूवाल्याकडचे ऑक्सिजनचे नळकांडे लावून पहाटे निघालो, ती खिंड ओलांडली, आणि ३,०८० मीटरवरच्या केलाँगला पोहोचेपर्यंत अब्बांच्या ओठांना रंग आला. त्यांनी चहा मागितला. अल्हम्दुलिल्लाह म्हणत आम्ही तिथूनच परतलो.

घरी आल्यावर त्यांनी सांगितले, डोके दुपारपासूनच ठणकत होते. "तुम्हा पोरांचा बेरंग होईल म्हणून बोललो नाही." गेल्या वर्षी अब्बा गेले, निराळ्या आजाराने. लेह त्यांचे राहिलेच. अम्मीला आता जायचे आहे ते त्यामुळेच.

म्हणून या खेपेला नकाशावर आम्ही किलोमीटर मोजत नाही, झोपायची उंची मोजतो. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास दोन तृतीयांश उरतो. दर श्वासाला प्राणवायू तेवढा कमी, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. डॉक्टरांचा ढोबळ नियम असा की तीन हजार मीटरच्या वर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीला झोपायची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढू नये. दिवसा त्याहून वर जाऊन आले तर चालते, झोपायला मात्र खाली यायचे. तरुण, दणकट माणसालाही हे सुटलेले नाही. उलट तोच जास्त धावपळ करतो.

या हिशेबाने रस्ता आपोआप ठरला: श्रीनगरकडून. श्रीनगर १,५८५ मीटर, तिथे दोन रात्री. मग सोनमर्ग, तिथून ३,५२८ मीटरचा झोजी ला ओलांडून द्रासमार्गे कारगिल. खिंड उंच असली तरी कारगिल २,६७६ मीटरवर आहे, म्हणजे झोप पुन्हा खाली. कारगिलला दोन रात्री. मग ४,१०८ मीटरचा फोटू ला पार करून आल्चीला मुक्काम, सुमारे ३,१०० मीटरवर. त्यानंतर लेह, साडेतीन हजार. मनालीकडचा रस्ता मे अखेरीस उघडला असेल याची खात्रीही नसते. श्रीनगरकडचा बहुधा आधी उघडतो, आणि मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात.

भाईजानला पँगाँग तलावाकाठी रात्र काढायची होती. उंची सव्वाचार हजाराच्या आसपास, म्हणून ती रात्र काटली. खारदुंग लाही काटला. तिथल्या पाटीवर पूर्वी उंची १८,३८० फूट लिहिलेली असायची, प्रत्यक्षात ती ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. पाटीसमोरच्या फोटोसाठी अम्मीला तिथवर चढवायचे नाही, यावर मी अडून बसले. भाईजान दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

स्वयंपाकाचे खाते माझ्याकडे. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही. कुकर हवाच. मुगाची खिचडी, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेला रवा जास्त घेतला आहे. रात्री टाकीचे पाणी बर्फासारखे होईल, म्हणून वुजूसाठी थर्मासमध्ये कोमट पाणी वेगळे ठेवायचे. प्रवासात कसरची सवलत आहेच. एका गोष्टीत मात्र सवलत नाही. थंडी कितीही असो, बंद गाडीत शेगडी किंवा गॅस पेटता ठेवून झोपायचे नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. ऊब रजयांनी मिळवायची.

अम्मीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्यांचे वेळापत्रक लिहून दिले, उंचीवर झोपेची गोळी घ्यायची नाही असे बजावले, आणि दोन अटींवर होकार दिला. हाताशी चार दिवस शिल्लक ठेवा, आणि कुणालाही त्रास वाढला तर सगळी गाडी खाली वळवा. एकच गाडी आहे, तेव्हा एकाला उतरायचे तर सगळ्यांनी उतरायचे. हे आम्ही मुलांसमोर बोलून घेतले आहे, लेह दोन तासांवर असले तरीही.

आता प्रश्न उरला लपवण्याचा. मोठी माणसे मोठ्यांना खरे सांगत नाहीत, म्हणून हे काम माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला दिले. रोज संध्याकाळी वही घेऊन त्याने प्रत्येकाला विचारायचे: डोके दुखते का, भूक लागली का, मळमळते का, काल झोप झाली का. चालताना कुणाचा तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर विचारत बसायचे नाही, मला हाक मारायची.

मागच्या शनिवारी तालीम म्हणून खुलताबादजवळच्या म्हैसमाळला एक रात्र गाडीत काढली. उंची जेमतेम हजार मीटर, तरी बरेच कळले. उतारावर गाडी लावली की सगळे एका बाजूला घरंगळतात. टाकीचा नळ गळतो. सकाळी फजरनंतर भाचा वही घेऊन अम्मीपुढे बसला. ती आधी "सब ठीक है" म्हणाली. त्याने पेन खाली ठेवले नाही. मग तिने वही ओढून घेतली आणि स्वतःच लिहिले: फळी कडक आहे, पाठ दुखते, रात्रभर डोळा लागला नाही.

भाईजान सध्या जाड गादीच्या शोधात आहे.