मागच्या बाजूला असतं ते

"हा व्हीसीआर कुठून आणलास?" आमच्या मातोश्रींचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, "आणि एवढा ओरडतोय का?"

तर मंडळी, तो व्हीसीआर नाही. सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६० नावाचा स्विच आहे. चोवीस पोर्टचा, जुना, दुसऱ्या (कदाचित तिसऱ्या) हातचा. सध्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी त्याला जागा दिली आहे. त्याच्यावर अजून एक असाच येऊन बसलाय, पण ते पुढे सांगतो.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका फजितीमुळे. सांगायची लाज वाटते, पण ब्लॉग कशासाठी असतो? मागच्या वर्षी एका क्लायंटच्या ऑफिसात मला पाठवलं होतं. काम साधं. स्विचला लॅपटॉप जोडायचा, कन्सोलवर लॉगिन करायचं, कॉन्फिगरेशनची प्रत घ्यायची आणि परत यायचं. माझ्याकडे सीसीएनएचं सर्टिफिकेट. पॅकेट ट्रेसरवर दोन वर्षं रात्री जागून व्हीलॅन, ट्रंक, स्पॅनिंग ट्री सगळं घोटलेलं. म्हटलं, हे काय, दहा मिनिटांचं काम!

रॅकसमोर उभा राहिलो. फिकट निळी कन्सोल केबल काढली आणि स्विचवर "कन्सोल" लिहिलेलं भोक शोधायला लागलो. सापडेना. शेवटी कडेच्या एका पोर्टमध्ये खुपसली. पडदा काळा. एंटर दाबतोय, दाबतोय... काळा. तिथला आयटीवाला पोरगा (माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असेल) शांतपणे म्हणाला, "सर, ते मागच्या बाजूला असतं."

मागची बाजू भिंतीकडे होती. त्या पोरानेच हात घालून केबल लावून दिली.

पॅकेट ट्रेसरमध्ये एक माऊस क्लिक केला की केबल लागते. मागची बाजू, भिंत, धूळ, काही नसतं तिथे. रूमवर परत येताना ठरवलं, खरं लोखंड घरी आणायचं.

आणायचं म्हटलं आणि जुन्या मालाच्या जाहिराती बघायला लागलो. पहिला धडा इथेच मिळाला, आणि तो फुकट नव्हता. २९६० म्हटलं की सगळे एकच असं मला वाटायचं. ऑनलाइन एक स्वस्तात दिसला, पैसे टाकले, मागवला. आला तो नावाच्या शेवटी 'एस' असलेला. २९६० मध्ये शेवटी 'एल' असेल तर त्यात लॅन बेस सॉफ्टवेअर, 'एस' असेल तर लॅन लाइट. लाइट म्हणजे नावासारखंच, पाणी घातलेलं. व्हीलॅन ६४ च्या वर नाहीत, सुरक्षेची बरीचशी वैशिष्ट्यं कापलेली, आणि मला नेमका त्यांचाच सराव करायचा होता. गंमत म्हणजे ३५६० घ्यायला गेलात तर तिथे शेवटच्या 'एस'चा अर्थ वेगळा, तो चालतो. म्हणजे एकाच कंपनीचं एकच अक्षर, एका डब्यावर वाईट आणि दुसऱ्यावर ठीक. धन्य आहे!

विकणाऱ्याने परत घेतला नाही. त्याचं तरी काय चुकलं, जाहिरातीत नाव पूर्ण लिहिलेलं होतं. मीच वाचलं नाही.

हे सगळं मी फोनवर तीर्थरूपांना सांगायची चूक केली. बाबा इचलकरंजीला. आयुष्यभर यंत्रमाग चालवले, आणि चारही माग जुने घेतलेले. ते म्हणाले, "फिरवून बघितल्याशिवाय यंत्राला हात लावतोस व्हय रं? पुढच्या खेपेला मी येतो." मला वाटलं गंमत करतायत. तर शुक्रवारी रात्री आईला घेऊन दारात हजर.

शनिवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरून लोकल, आणि ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोड. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव सांगून रस्ता विचारणारा अजून मला भेटलेला नाही.) एका माडीवरच्या दुकानात जुने स्विच विटांसारखे रचून ठेवलेले. मी मॉडेल नंबर वाचतोय, तोवर बाबांनी एक उचलला, हलवून कानाशी नेला, मग हवेच्या जाळीला नाक लावलं.

"जळका वास नाही. आत काही सुटलेलं नाही. लाव."

दुकानदार म्हणाला, "चालू माल है अंकल, टेस्टेड."

"तरी पण लाव."

लावला. पुढे 'सिस्ट' नावाचा एक दिवा असतो. सुरुवातीला हिरवा लुकलुकतो, स्वतःची तपासणी करतो, सगळं ठीक असेल तर हिरवा स्थिर होतो. नारिंगी होऊन राहिला तर तो स्विच घेऊ नका, किंमत काहीही असो. आमचा हिरवा झाला. मी समाधानाने पाकीट काढायला लागलो. बाबा म्हणाले, "भोकं चोवीस आहेत ना? एक एक बघ."

मग लॅपटॉपची केबल एकेका पोर्टमध्ये. लावली की दिवा आधी नारिंगी, मग तीस सेकंदांनी हिरवा. बाबांना ते तीस सेकंद खटकले. म्हटलं, "बाबा, तो आधी पंधरा सेकंद नुसता ऐकतो, कुठे वेटोळं तर झालं नाही ना. मग पंधरा सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो. मग माल सोडतो." बाबांनी मान डोलावली. म्हणाले, "शहाणा आहे. आमचा जॉबर असा नव्हता." स्पॅनिंग ट्री इतक्या कमी शब्दांत मी इंटरव्ह्यूमध्येही कधी सांगितला नव्हता.

खरं तर नारिंगी दिवा लागला म्हणजे पोर्टला केबल कळली, तेवढं पुरे होतं. पण बाबा प्रत्येक पोर्ट हिरवा होईपर्यंत हलायला तयार नाहीत. चोवीस गुणिले अर्धा मिनिट. दुकानदाराचा चहा आला, संपला. सतरा नंबरचा पोर्ट मेलेला निघाला. त्यावर बाबांनी तीनशे रुपये कमी केले, आणि शेवटी २९६० अडीच हजारांत आणि एक ३५६० सव्वातीन हजारांत, वर दोन पॉवर केबल फुकट. ३५६० कशासाठी, तर त्याला व्हीलॅन-व्हीलॅनमधलं राउटिंग स्वतःला करता येतं. दोन्ही १०० एमबीपीएसचे. गिगाबिट घ्या असं बरेच जण सांगतील. मला विचाराल तर शिकण्यासाठी गरज नाही. कमांड त्याच आहेत, आणि मी घरी काही डेटा सेंटर चालवत नाहीये. पीओईवाला मात्र मुद्दाम टाळला. पॉवर सप्लाय मोठा, पंखे मोठे, आणि घरात फोन एकही नाही त्याला जोडायला.

रात्री दोघे झोपल्यावर २९६० सुरू केला. पासवर्ड अर्थातच माहीत नव्हता. मोड बटण दाबून धरून पॉवर द्यायची, फ्लॅश सुरू करायचा, कॉन्फिग फाइलचं नाव बदलायचं आणि बूट करायचं. परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं, हाताने पहिल्यांदा केलं. स्विच उठला आणि म्हणाला, आज १ मार्च १९९३. घड्याळाला बॅटरी नाही, त्यामुळे दर वेळी उठला की तो तिथूनच सुरुवात करतो. म्हणजे माझा जन्म व्हायला अजून चार वर्षं!

मग ती जुनी फाइल उघडली. उघडायला नको होती खरं तर, पण उघडली. कुठल्या तरी ऑफिसचा सगळा संसार आत होता. पोर्ट ३, रिसेप्शन. पोर्ट ९, अकाउंट्स. पोर्ट ११, प्रिंटर, पुढे कोणीतरी लिहिलेलं, "बिघडलाय, हात लावू नये." पोर्ट १७ ला काही नाव नव्हतं. शेवटच्या काही पोर्टना "वापरात नाही". पासवर्डही होते, टाइप ७ चे, म्हणजे नावालाच लपवलेले. ते उलटे उलगडता येतात, हे कोणालाही ठाऊक आहे. मी उलगडले नाहीत. पण तो प्रिंटरवाला माणूस कोण असेल, त्याचं ऑफिस बंद पडलं की नुसतं नवीन स्विचवर गेलं, याचा विचार करत बराच वेळ बसलो होतो. तुम्ही ऑफिसचे जुने स्विच भंगारात देत असाल तर कृपया पुसून द्या. आणि नुसतं 'राइट इरेज' करून भागत नाही, व्हीलॅनची फाइल फ्लॅशमध्ये वेगळी असते, तीही उडवावी लागते. मी दोन्ही उडवल्या.

दुसऱ्या दिवशी ३५६० ने माझा ट्रंक नाकारला. २९६० वर थेट चालणारी कमांड इथे रिजेक्ट. ३५६० ला जुनं आयएसएलही कळतं, म्हणून आधी डॉटवनक्यू वापर असं सांगावं लागतं, मग तो ऐकतो. अर्धा तास गेला.

आवाजाचं म्हणाल तर दोन्ही चालू असताना आईला मालिका ऐकू येत नाही. विजेचा हिशोब मी मांडला. एक स्विच ३० वॅटचा धरला आणि अखंड चालवला तर महिन्याला साधारण २२ युनिट, दोन म्हणजे ४४. म्हणून सराव झाला की बटण बंद. (बटण स्विचला नाही, भिंतीला. तेही घरी आणल्यावरच कळलं!)

आई-बाबा सोमवारी गेले. जाताना बाबांनी दोन्ही स्विचच्या मागे हात घालून वारा गरम येतोय की थंड ते बघितलं, आणि भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवून ठेवले.

येत्या मंगळवारी त्याच क्लायंटकडे पुन्हा जायचंय. मीच मागून घेतलं. गेले चार दिवस डोळे मिटून, स्विचच्या पुढे उभा राहून, मागच्या बाजूला कन्सोल केबल लावायचा सराव करतोय. दहापैकी सात वेळा बसते. बॅगेत केबलबरोबर एक छोटा टॉर्च आणि आईचा जुना हात-आरसाही टाकून ठेवलाय. :)