पुणे क्लबचें मैदान

माणदेशांतील सांगोल्याहून पुण्यास आलेला पाहुणा शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो. लष्करांतील पुणे क्लबच्या मैदानाकडे मात्र सहसा फिरकत नाहीं. १९४८ च्या डिसेंबरांत येथें रणजी करंडकाच्या सामन्यांत काठेवाडचा डाव २३८ धांवांत आटोपला, आणि महाराष्ट्रानें चारच गडी गमावून ८२६ धांवा केल्या! भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते; ब्रॅडमनचा १९३० चा ४५२ चा उच्चांक मोडण्यास दहाच धांवा हव्या होत्या. उपाहाराच्या वेळीं काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब यांनीं डाव घोषित करण्याचा हट्ट धरला, आणि तो मान्य न होतांच सामना सोडून संघासह ते चालते झाले. पराभव पत्करावा, पण दुसऱ्याचा विक्रम सोसूं नये, ही मानाची कल्पना चमत्कारिकच! निंबाळकरांस अधिकृत कसोटी सामना कधींच मिळाला नाहीं. भारतीयांत त्यांचा आंकडा मात्र अद्याप अभंग आहे.