नांदत्या घरातला राखाडी

मराठीत राखाडी, गुजरातीत राखोडी. दोन्ही शब्द राखेवरून आलेले, त्यामुळे घरातली वडीलधारी माणसं या रंगाला नाक मुरडतात यात नवल नाही. पण बडोद्यात गोत्री-भायलीकडचे नवे सॅम्पल फ्लॅट पाहा. भिंत ग्रे, फरशी ग्रे, सोफा ग्रे, पडदेसुद्धा ग्रे!

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही रंगकाम निघालं. माझ्या सासूबाई, वय ७९, दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून कायमच्या आमच्याकडे राहायला येणार होत्या. मला हॉलमध्ये ग्रे हवा होता. शेडकार्ड पाहून आई म्हणाल्या, "अगं, नांदत्या घराला राख कशाला फासतेस?"

त्यांचंही खरंच होतं. आम्हा बडोदेकरांना भिंतीवर रंग बघायची सवय आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेला, आणि कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. मी म्हटलं, "पण आई, राखाडी तुमच्याही घरात आहेच की! स्वयंपाकघरात कोबा, ओसरीवर कोटा फरशी. त्यावरच तर तुमची रांगोळी उठून दिसते." त्या हसल्या. "तो पायाखाली आहे गं, अंगावर येत नाही."

हे वाक्य मी रंगाऱ्यालाही सांगितलं. राखाडी रंग स्वतः मिरवत नाही, शेजारच्याला मिरवू देतो. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली रंगांच्या शेजारावर एक मोठा ग्रंथच लिहिला. ते पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. एकच रंग शेजार बदलला की वेगळा दिसतो, हे त्यांनी दाखवलं. राखाडीत तर हे चटकन जाणवतं. झेंडूच्या माळेमागचा राखाडी किंचित निळसर भासतो, आणि झेंडू आणखी पेटलेला दिसतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. प्रत्येक ग्रेच्या पोटात एक छटा दडलेली असते: निळी, हिरवी, जांभळी किंवा मातकट. आमच्या हॉलची खिडकी उत्तरेला आहे. तिथला उजेड थंड, त्यात निळसर ग्रे लावला असता तर खोली उदास दिसली असती. म्हणून मातकट छटेचा घेतला. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर विसंबू नका. दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून घ्या आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली तोच रंग ओळखू येत नाही.

मात्र आमचा खरा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. त्याच सुमारास आम्ही नात्यातल्या एका नव्या, पूर्ण ग्रे फ्लॅटमध्ये जेवायला गेलो होतो. बाल्कनीत जाताना चार इंचांची एक पायरी होती, आतल्या-बाहेरच्या फरशीच्याच रंगाची. आईंना ती दिसलीच नाही. माझ्या नवऱ्याने दंड धरला म्हणून निभावलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि जवळजवळच्या छटांमधला फरक कळेनासा होतो. आपल्याला देखणी वाटणारी ग्रेवर ग्रे अशी जोडी त्यांना नुसती धूसर दिसते. या वयात एका पडण्याची किंमत काय असते, ते घरोघरी ठाऊक आहे.

मग आम्ही ठरवलं, हॉलची एकच भिंत राखाडी, बाकी तीन मलईच्या रंगाच्या. बाथरूममध्ये ग्रे टाइल्स होत्याच, त्यांवर धरायला गडद निळा दांडा बसवला. उंबरठ्याच्या आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावली. स्विचबोर्ड भिंतीहून वेगळ्या रंगाचे घेतले. आईंच्या खोलीचा रंग त्यांनीच निवडला, फिका पिवळा. बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीला गडद ग्रे लावायचा मोह आवरला, कारण बडोद्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि गडद भिंत तापते.

त्या राखाडी भिंतीपुढे आईंचा सागवानी देव्हारा आणि पितळी समई ठेवली आहे. गणपतीत तिथेच मखर होतं. शेजारच्या बेन दर्शनाला आल्या आणि विचारू लागल्या, समई नवी घेतली का? समई आईंच्या लग्नातली! आई मला म्हणाल्या, "राहू दे तुझी राख. समईला शोभतेय."

मंडळी, दिवाळीआधी रंगकाम काढणार असाल तर ग्रे जरूर लावा. फक्त पुठ्ठा आणि फरशीचा नमुना शेजारी ठेवून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, "भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, दिसतंय का?" उत्तर चटकन आलं नाही, तर दुसरी छटा बघा.