हिशेब मुलीचा आणि मुलाचा

मध्यंतरी काही कामानिमित्त आम्हांस हैदराबादेस जावे लागले. काचीगुडा भागात एका मराठी कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. घरातील भाऊबहीण दोघेही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही सहज विचारले, "उद्या मालकाने खोटे बिल लिहावयास सांगितले, तर काय कराल?"

मुलगी तत्काळ म्हणाली, "फादर, मी लिहिणार नाही."

मुलगा हसला. "नोकरी टिकवायची तर लिहावे लागेल, फादर. सगळेच लिहितात."

त्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. याच शहरातील सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी आपले हिशेब खोटे असल्याची लेखी कबुली दिली होती. प्रकरण सुमारे सात हजार कोटी रुपयांचे होते. आरंभी तफावत लहानच होती, पुढे ती आवरेना, असे त्यांनीच लिहिले होते.

बहीणभावांतील हा भेद त्या एकाच घरचा नव्हे. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांविषयी १९८५ ते १९९४ या काळात झालेले अनेक अभ्यास दोघा संशोधकांनी एकत्र तपासले. मुलींची नीतिविषयक भूमिका मुलांपेक्षा अधिक ठाम आढळते, असा निष्कर्ष त्यांनी १९९८ साली मांडला. त्याआधी, १९९७ साली, वीस हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची उत्तरे पडताळणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली होती. नोकरीचा अनुभव वाढतो, तसतसे हे अंतर कमी होत जाते.

तर मग हा भेद केवळ जन्माचा नसावा, वळणाचाही असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची खूण पटली. मुलगी दूध घेऊन आली, तेव्हा आईने उरलेले पैसे मोजून घेतले. मुलगा भाजी घेऊन आला. त्याला कोणी काही विचारले नाही. त्या माउलीला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्याही घरी हिशेब बहिणीलाच द्यावा लागे. म्हणूनच सेमिनरीत रेक्टरांनी प्रथम प्रवासखर्चाचा हिशेब मागितला, तेव्हा आम्हांस तो अपमान वाटला होता. तो अपमान नव्हता. राहून गेलेला धडा होता.

आईबापहो, मुलींकडून हिशेब घेता, तो घेत राहा. पण येत्या बाजाराच्या दिवशी मुलगा घरी परतला, म्हणजे त्याच्यापुढेही हात करा आणि उरलेले पैसे त्याच्यादेखत मोजा.