तांबडा डोंगर आणि जासईची खाजणे

परदेशप्रवास म्हटला की आमच्या लहानपणी बोटीवरील खलाशी आणि आखाती देशांत नोकरीस गेलेले तरुण, एवढेच डोळ्यांपुढे येत. आता मुले परदेशी स्थायिक होतात आणि आयुष्यभर गाव न सोडलेले आईवडील त्यांच्या भेटीस निघतात. जासई येथील आमच्या परिचयाचे एक दांपत्य २०२४ साली असेच तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियास जाऊन आले. सारा गाव त्यांना तात्या व वहिनी म्हणतो. आम्हीही तसेच म्हणतो. त्यांची हकिकत ऐकताना प्रेक्षणीय स्थळांपेक्षा निराळेच काही आमच्या हाती लागले.

पहिला मुक्काम सिंगापूरचा. तेथील उंच इमारतींपेक्षा तात्यांचे लक्ष भरावाकडे गेले. १९६० च्या दशकात सुमारे ५८० चौरस किलोमीटरांचे हे बेट समुद्रात भराव घालून आता ७३० चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले आहे. न्हावा-शेवाचे बंदर डोळ्यांदेखत उभे राहिलेले पाहणाऱ्या माणसाला त्याचे नवल वाटले नाही. येथे पूर्वी मासे धरणारी माणसे कोठे गेली, एवढेच त्यांनी विचारले.

पुढे डार्विन. मुलगा येथेच राहतो. या उष्ण, दमट शहरात वहिनींना आपली खाडीच भेटली. भरती-ओहोटीत आठ मीटरपर्यंत फरक पडतो; पाणी ओसरले की तिवरांची मुळे उघडी पडतात आणि चिखलावर निवट्या उड्या मारतात. मात्र मगरी व विषारी जेलीफिश यांच्या भयाने पाण्यात पाऊल घालण्याची सोय नाही. तेथील कॅथेड्रलमधील एका चित्रासमोर वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. चित्रकार कारेल कुप्का यांनी पवित्र मरिया आदिवासी स्त्रीच्या रूपात रंगविली आहे आणि बाळ येशू तिच्या खांद्यावर आहे.

डार्विनहून दक्षिणेस अॅलिस स्प्रिंग्ज सुमारे १,५०० किलोमीटर. ओसाड, तांबड्या मुलखातून जाणारा हा रस्ता. एकोणिसाव्या शतकात अशा प्रदेशात सामान वाहण्यासाठी आपल्या उपखंडातून उंट व उंटवाले नेण्यात आले होते. त्याच्याही पलीकडे उलुरू हा ३४८ मीटर उंचीचा एकसंध खडक आहे. दगडातील लोखंड गंजल्यामुळे त्यास हा तांबडा वर्ण आला आहे.

अनंगू लोकांचे हे पवित्र स्थान. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने त्याची मालकी त्यांना परत दिली आणि त्यांनी ते राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारकडे सोपविले. २६ ऑक्टोबर २०१९ पासून खडकावर चढण्यास बंदी आहे. हे ऐकून तात्या आम्हांस म्हणाले, "फादर, त्यांचा डोंगर त्यांना परत मिलला. आमची खाजनां कोन देनार?"

हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. नवी मुंबईसाठी संपादित झालेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांचे नेतृत्व होते. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्याचे फळ होय.

तिकडेही सर्व काही आलबेल आहे असे नाही. आदिवासींना संविधानात स्थान व संसदेपुढे बोलण्याचा स्वतंत्र मंच देण्याचा प्रस्ताव तेथील मतदारांनी १४ ऑक्टोबर २०२३ रोजी फेटाळला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८६ साली अॅलिस स्प्रिंग्ज येथे त्यांच्या भूमीवरील हक्कांचा पुरस्कार केला होता; तरी वाट अजून लांबच आहे.

परंतु एक गोष्ट तेथे नेमाने होते. तात्यांच्या नातवास डार्विनच्या भूमीचे मूळ धनी लाराकिया लोक आहेत, हे शाळेत शिकविले आहे. जासईच्या त्या पाच जणांविषयी मात्र त्याला काहीच ठाऊक नव्हते. तात्यांनी एका संध्याकाळी त्याला शेजारी बसवून सारे सांगितले. वाचकहो, आपण मुलांना गावी घेऊन येतो, जत्रा दाखवितो, जेवू घालतो. ज्या जमिनीवर आज रस्ते व गोदामे आहेत, ती कोणाची होती आणि कशी गेली, हेही त्यांना सांगितले पाहिजे. हे काम शाळेवर सोपवून चालणार नाही.