भुसा कुणाचा?

पहिल्या वर्षी वर्कशॉपला कार्पेंट्रीचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. साग म्हणून दिलेला पण साग नसलेला तुकडा, बोथट करवत, आणि दोन टर्न घासल्यावर तयार झालेला असा हाफ लॅप जॉइंट, की त्याच्या फटीतून पलीकडच्या बेंचवरचा मित्र दिसावा! जर्नलवर सही झाली की आपण लाकडाला विसरतो. पण ज्याचं पोट लाकडावर आहे, त्याला रोज एक हिशोब करावा लागतो : करवत कापते किती आणि खाते किती?

माझ्या मामाची रायगड जिल्ह्यात छोटीशी लाकडाची वखार आहे. आजोबांच्या वेळचा परवाना आणि ४८ इंची गोल पात्याची सर्क्युलर. यंदा तिचा शाफ्ट, बेअरिंग, फ्रेम, सगळंच बदलायला आलं. आता तीच सर्क्युलर नव्याने उभी करायची, की कर्ज काढून पोर्टेबल बँड मिल आणायची? कॅटलॉग सगळे इंग्रजीत. घरात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी एकटी, त्यात मेकॅनिकलची. म्हणून ती चळत माझ्या हॉस्टेलच्या रूमवर येऊन पडली. "वाच बाय, आणि सांग कुठली घेऊ," एवढाच मामाचा निरोप.

ज्यांनी वखार पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सर्क्युलरमध्ये पातं जागेवर फिरतं आणि ओंडका त्याच्याकडे ढकलत न्यावा लागतो. ४८ इंची पातं मिनिटाला ७०० फेरे मारत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होतो (करून बघा, एम-वनचंच गणित आहे). पोर्टेबल बँड मिलमध्ये उलटं असतं. ओंडका आडवा, घट्ट बांधलेला. दोन चाकांवरून फिरणारी, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी घेऊन अख्खं डोकंच त्याच्यावरून सरकत जातं. खाली चाकं लावली की गाडीमागे बांधून नेता येतं.

गोल करवतीचं पेटंट इंग्लंडमध्ये १७७७ साली निघालं, पट्टीच्या करवतीचं १८०८ साली. तरी पट्टी बरीच वर्षं मागेच राहिली. कारण एकच, पट्टीची दोन टोकं जोडली तरी सांधा टिकत नसे. सांधा नीट जमायला १८४६ साल उजाडलं, तेही फ्रान्समध्ये. मशीन डिझाइनच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बघ, जॉइंट्सचा चॅप्टर ऑप्शनला टाकत जाऊ नका!"

आता मुद्द्याचं गणित. ३०० मिलिमीटरचा चौकोनी केलेला ओंडका घ्या आणि त्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढा. गोल पातं दात्यांसकट दर कटाला साधारण ६ मिलिमीटर लाकूड खातं. ९ फळ्या आणि मधले ८ कट मिळून झाले २७३. दहावी फळी काढायला ३०४ लागतात, म्हणजे ४ मिलिमीटरने हुकली! पट्टी खाते साधारण २ मिलिमीटर. तिच्यावर ११ फळ्या आणि १० कट मिळून २९५, आरामात बसतात. एका ओंडक्यामागे दोन फळ्या जास्त. शिवाय भुसा कमी म्हणजे कापायला लागणारी ताकदही कमी, त्यामुळे इंजिन लहान चालतं. आणखी एक म्हणजे, गोल पात्याचा निम्म्याहून कमी भागच कापायला मिळतो, मधला शाफ्ट आणि कॉलर अडवतात. ४८ इंची पात्यावर वीस इंचांपुढचा ओंडका उलटूनच घ्यावा लागतो.

हे सगळं मी तक्ता करून दिवाळीच्या सुट्टीत मामासमोर ठेवलं. त्याने तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "या दोन फळ्या जास्तीच्या. त्या कुणाच्या?"

प्रश्न सरळ होता. मामा लाकूड विकत घेऊन फळ्या विकत नाही. लोक आपल्या वाडीतला परवानगीने तोडलेला फणस, आंबा, साग वखारीत आणतात आणि कापून नेतात. मामाला मिळते ती घनफुटावर कापणावळ. म्हणजे भुसा झाला तर नुकसान झाडवाल्याचं. पण पट्टी तुटली, धार गेली, वेळ जास्त लागला, तर नुकसान मामाचं. आणि कर्जाचा हप्ताही मामाचाच! माझ्या तक्त्यात फायद्याचा कॉलम होता, पण तो कुणाच्या खिशात जातो याचा कॉलम अजून भरायचा होता.

मग मी वखारीतल्या मिस्त्रींना गाठलं. तीस वर्षं ते त्या एका पात्यापाशी उभे आहेत. म्हणाले, "ताई, गोल पातं दणकट. वाडीतल्या झाडात कुणी कपडे वाळवायला खिळा मारलेला असतो, कुणी कुंपणाची तार. माझं पातं खिळ्यावर गेलं तर दोन-चार दाते जातात. कानस घेऊन बसलो की पुन्हा चालू. तुमची पट्टी तिथल्या तिथे तुटायची." पट्टीला एक-दोन तासांच्या कापणीनंतर धार लागते, दाते पुन्हा डावी-उजवीकडे वाकवावे लागतात. सालीला चिखल असेल तर त्याआधीच. धार गेलेली पट्टी लाकडात भरकटते आणि फळी पत्र्यासारखी नागमोडी निघते. मिस्त्री गोल पातं हातोडीने ठोकून ठोकून त्याचा ताण बरोबर करतात, तोही कानाने, आवाजावरून! ही विद्या बँड मिलवर उपयोगाची नाही. ते बोलले नाहीत, पण त्यांना विचारायचं होतं ते मला कळलं : नवं मशीन आलं तर माझं काय?

दुसऱ्या बाजूला ३ जून २०२० चा दिवस आहे. निसर्ग चक्रीवादळात आमच्या भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. मी तेव्हा शाळेत होते. नारळ-सुपारी तर गेलीच, पण आजोबा-पणजोबांनी लावलेले आंबे, फणसही मुळासकट पडले. ओंडके दांडगे, वाडीत जायला पाखाडी, ट्रक जाणार कसा? वर पाऊस तोंडावर. आंब्याचं लाकूड पावसात पडून राहिलं की बुरशी धरते, कीड लागते. दारं-खिडक्या होऊ शकले असते असे बुंधे जळणाच्या भावात गेले. ओंडका करवतीकडे येऊ शकत नाही, तेव्हा करवत ओंडक्याकडे जायला हवी. बँड मिलचं खरं मोल मला इथे दिसतं, त्या दोन फळ्यांपेक्षाही जास्त.

अर्थात चाकं आहेत म्हणून करवत कुठेही फिरवता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून सॉ मिलवर लगाम घातला आहे, आणि २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर असे परवाने राज्याच्या समितीकडे जातात. त्यामुळे वनखात्यात लेखी विचारल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करायची नाही, हे मी मामाला लाल पेनने लिहून दिलंय.

माझं मत? बँड मिल घ्यावी, पण तीन अटींवर. एक, वाडीत मशीन नेता येईल असं उत्तर वनखात्याकडून आधी हातात यावं. दोन, कापणावळीचा दर नव्याने ठरवावा. झाडवाल्याच्या दोन फळ्या वाचल्या तर त्यातला थोडा वाटा वखारीला मिळायला हवा, आणि तो हिशोब ओंडका चढवण्याआधी त्याला मोजून दाखवावा. तीन, धार लावायचं आणि दाते वाकवायचं मशीन सोबत घ्यावं आणि ते शिकायला मिस्त्रींनाच पाठवावं. कानाने पात्याचा ताण ओळखणारा माणूस पट्टीची लक्षणं आपल्यापेक्षा लवकर ओळखेल. वनखात्याने नाही म्हटलं, तर मात्र सर्क्युलरच दुरुस्त करावी. एका जागी बसून राहणाऱ्या पोर्टेबल मशीनचे हप्ते मामाने का भरावेत?

मामाने अजून काही ठरवलेलं नाही. अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतोय. मिस्त्रींनी मात्र परवा फोनवर विचारलं, "ताई, त्या पट्टीचे दाते किती अंशात वाकवतात हो?" मी कॅटलॉगमधलं ते पान मराठीत उतरवून पाठवतेय. सेमिस्टरच्या सबमिशनपेक्षा ते नीट व्हायला हवं, कारण ते तपासणारा परीक्षक कडक आहे!